भुलाबाईची चाळीस बाशिंगं

मी फुलवाल्याची पोर, अकोल्याची. मोर्णा नदीच्या काठी आमचा मळा होता, मळा काय, दोन वाफे शेवंतीचे, चार वाफे झेंडूचे, पन माझा बाप त्याले मळाच म्हने आनि मंग आमीही मळाच म्हनो. वऱ्हाडातला उन्हाळा काय सांगू तुमाले ताई, इहीर आटली का झाडं उभ्या उभ्या करपत, आनि लगनं तं सारे तवाच. नवरदेव पारावर येऊन बसला आनि फूल नाही! मंग माझा बाप पतंगवाल्याच्या दुकानातून पतंगी कागदाचे ताव आने, गुलाबी, हिरवे, पिवळे, संगं चकाकती बेगड आने, आनि आमी सारे ओसरीत बसून कागदाची फुलं कराचो, माळा कराचो, बाशिंगं कराचो. मले अक्षर येत नव्हतं तवा बाशिंग येये. पुठ्ठ्याचा अर्धा चांद कापाचा, त्याच्यावर बेगड, बेगडीवर तीन फुलं, मधलं मोठं, खाली कागदाच्या झिरमिळ्या, दोन बाजूनं दोन दोरे. आंधारात बसवलं असतं तरी केलं असतं. माझ्या हातची किती बाशिंगं कोनाकोनाच्या कपाळावर चढली, त्याच्यातल्या कोनाचा संसार नीट झाला नसन तं मले बोल लावू नका, मी फक्त बेगड चिटकवली.

लगन झालं आनि मी अमरावतीले आली, अंबा दरवाज्याच्या आत. आमचे हे भाजीबाजारात बसत. लय भला मानूस, दिवसभरात जेवढं बोलत तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. लेकरू झालं नाही. सासूनं त्याच्यावरून बोलाचं तेवढं बोलून घेतलं, मंग तीही बिचारी थकली. मी घरी बसल्या बसल्या कागदाचं फूल करो आनि यांच्या वांग्याच्या पाटीत खोचून देवो. गिऱ्हाईक इचारे, भाऊ, हे फूल केवढ्याले? हे म्हनत, फूल इकाचं नाही, वांगे घ्या.

त्याच फुलानं घात केला. म्हंजे भलं केलं, पन तवा घातच वाटला. पोरींच्या शाळेची हेडबाई वांगे घ्याले आली. नवी होती, पुन्याची, चष्मा, हातात छत्री, आनि बोलनं असं का जसं तोंडात आधी शब्द धुऊन घेते. फूल पाहून तिनं पत्ता इचारला आनि थेट आमच्या दारात. म्हने, गंगाबाई, आमच्या मुलींना हस्तकला शिकवाल का, दर शुक्रवारी? साहित्य मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं हवं, कोणत्याही घरच्या मुलीला आणता येईल असं. मी म्हनलं, बाई, पोट्ट्याईले शिकवाचं म्हंजे... तिनं कानावर हातच ठेवला. म्हने, पोट्ट्या नाही, मुली म्हणायचं. आनि जाता जाता उंबरठ्यात थांबून म्हने, इन्स्पेक्शनपर्यंत तुम्ही कच्च्या हं. नागपूरच्या मोठ्या बाईंनी पसंत केलं तर पक्क्या, नाहीतर माझा इलाज नाही.

तवा आपला वऱ्हाड मध्यप्रांताले जोडलेला होता ना ताई, अमरावतीच्या पोरींनं काय शिकाचं ते नागपूरले ठरे. दुसरी तिसरी शिकलेली बाई मी, माझ्यापुढं चाळीस पोट्ट्या, माफ करा, मुली. ह्यांले म्हनलं, मी नाही जात. ह्यांनं मान खाली घालून वांगे पुसत पुसत एकच शब्द टाकला, जा.

पयल्या शुक्रवारी मी खळ शिजवली. मैदा थंड पान्यात कालवाचा, गाठ राहू द्याची नाही, मंग मंद चुलीवर हालवत राहाचं, काचेसारखी दिसाले लागली का उतरवाची. दुकानावाले किडा लागू नये म्हनून खळीत मोरचूद टाकतात, मी तं नावच काढलं नाही, पोरींची जात, बोट भरलं का चाटते, मोरचूद म्हंजे इखच. मंग टाचणी आनि चौकोनी कागद घेऊन भिरभिरं शिकवलं. रिकाम्या काड्यापेट्यांचा बाहुलीचा पलंग केला, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं लावून गाडी केली. फूल शेवटी. पट्टी चार बोटं रुंद, घडीवर घडी, वरून कात्री गोल फिरवाची, काडीभोवती गुंडाळून खालून दोऱ्यानं आवळाची, आनि मंग नखानं एकेक पाकळी बाहेर काढाची. पाकळी काढतानी श्वास धराचा. चाळीस पोरी एकदम श्वास धरून बसल्या आनि वर्गात अशी शांतता झाली का हेडबाई पळत आली, तिले वाटलं मी कोनाले मारलं.

त्या चाळिसात एक गोदू होती. दहा वर्षाची, चौथीत, नाकात मोरनी, बोटं लांब. ती पाकळी काढे तं मले माझा बाप आठवे. पन तिच्या घरी सोयरिकीचं बोलनं चालू होतं, बापानं आनि काकानं दर्यापूरकडचा एक पोरगा पाहून ठेवला होता. सरकारनं नुकताच कायदा केला होता, लहान पोरीचं लगन लावाचं नाही म्हनून, पन कायदा नागपुरात आनि सोयरिक दर्यापुरात, कोन पुसते? गोदूले शाळेत आने तिची आजी, काशीबुढी. उंच, काटकुळी, तोंडात एकही दात नाही आनि तरी सारं घर तिले भ्याये. पोरीले वर्गात सोडून शाळेच्या पायरीवर बसून राहे, सुटेपर्यंत. एक डाव मले म्हने, काहो बाई, कागद हातात आला का ही पोरगी चूल इसरते, न्हानं इसरते, काय करनी केली तुमी? मले कळेच ना का शिव्या देऊन राहिली का बरं म्हनून राहिली. मी नुसती हासली आनि घरी येऊन दोन दिस जेवली नाही.

भादव्यात हुकूम आला का मोठ्या बाई येऊन राहिल्या. हेडबाई म्हने, गंगाबाई, सगळ्या मुलींना कागदाचे मुकुट करायला शिकवा, ते डोक्याला बांधून त्या फाटकात दोन रांगांनी उभ्या राहतील, किती गोड दिसेल! मी म्हनलं, हो. आता खरं सांगते ताई, आयुष्यात मी मुकुट केला नव्हता. देवाच्या डोक्यावर पाह्यला होता, पन तो पितळेचा. घरी येऊन पुठ्ठा घेतला, कात्री घेतली, डोकं म्हने मुकुट कर आनि हात आपला जिकडे चालाचा तिकडेच चालला. अर्धा चांद, बेगड, तीन फुलं, झिरमिळ्या, दोन दोरे. हेडबाईले नेऊन दाखवला. तिनं टाळ्या वाजवल्या. त्यांच्या घरी लगनात मोत्याच्या मुंडावळ्या बांधतात ना, कागदी बाशिंग तिनं कवा डोळ्यानं पाह्यलंच नसन. म्हने, अगदी राजकन्येचा मुकुट!

दोन शुक्रवार आमी तेच केलं. पोट्ट्या खुसुखुसु हासत होत्या. एक दुसरीच्या कानात काही सांगे, दुसरी तोंडात पदर कोंबे. मले वाटलं, आनंदानं हासून राहिल्या. माझा जीव सारा बेगड सरळ चिटकते का वाकडी यात अडकलेला. वाकडी बेगड पाहून मोठ्या बाई कच्चीच राहू दे म्हनल्या तं? रात रात मले स्वप्नात बेगड दिसे.

तो दिवस आला. सकाळी आभाळ भरलेलं, पन पानी नाही. हेडबाईनं पोरींच्या रांगा लावल्या आनि स्वतःच्या हातानं एकेकीचे दोरे बांधले, घट्ट, म्हने, पडायला नको. मोठ्या बाईचा टांगा पाहाले साऱ्यांच्या माया, आज्या फाटकाबाहेर जमलेल्या. मी मागं कोपऱ्यात हात जोडून उभी. शेवटच्या पोरीचा दोरा बांधून झाला आनि हेडबाई बाजूले सरली, आनि तवा, ताई, तवा मी पयल्यांदा ते चाळीस एकदम पाह्यले.

माय माय माय! चाळीस नवऱ्या. चाळीस कुवाऱ्या पोरी कपाळाले बाशिंग बांधून नवरदेवाची वाट पाहून राहिल्या. कुवाऱ्या पोरीच्या कपाळाले बाशिंग बांधनं म्हंजे आमच्यात काय होते, माहीत हाय ना? एक डाव बांधलं तं लगन लागल्याबिगर उतरवत नाहीत. उतरवलं तं पोरगी जन्माची अपशकुनी. आनि मी ते चाळीस घरांच्या दारात नेऊन ठेवलं होतं, खळीनं चिटकवून.

फाटकाबाहेर एक बाई हासली. म्हने, अवं, पोट्ट्याईनं तं गुडघ्याले नाही, थेट कपाळालेच बांधलं! दुसरी रडाले लागली, म्हने, माझ्या पोरीले कोनी करन का आता? तिसरी पदर खोचून फाटकातून आत, म्हने, कुठं हाय ती फुलवाली? आनि साऱ्यात मागं काशीबुढी, तोंड मिटून, गोदूकडे पाहून राहिली. मले माझ्या कच्चेपनाची चिंता नव्हती तवा, खोटं कशाले बोलू, होती, पन थोडी. मले दिसत होता गोदूचा बाप. तो म्हनीन, बाशिंग चढलंच हाय, आता याच महिन्यात उरकून टाका. मीच तिले शिकवलं होतं, मीच तिच्या हातानं तिचं बाशिंग करून घेतलं होतं.

आनि याच वक्ती टांगा आला. असं असते पाहा. मोठ्या बाई उतरल्या, जाड्याशा, गोऱ्या, हातात वही. त्यांनं रांग पाह्यली आनि जागीच थांबल्या. त्या नागपूरच्या ना, त्यांले बाशिंग चांगलं ठाऊक. हेडबाईले म्हनल्या, ह्या सगळ्या मुलींची लग्नं झाली आहेत की काय? हा काय प्रकार आहे? हेडबाई पांढरी पडली. तिनं माझ्याकडे पाह्यलं. मोठ्या बाईनं माझ्याकडे पाह्यलं. साऱ्या मायांनं माझ्याकडे पाह्यलं. वही उघडी, पेन्सिल वर.

काय सांगू तुमाले, तोंड कसं उघडलं ते मले आजही माहीत नाही. मी म्हनलं, हे पोरींचे नाहीत वो. हे भुलाबाईचे हायेत.

भुलाबाईचे दिवस जवळ आले होते ना. घरोघरी पोरी जवारीच्या धांड्यांचा मखर करून भुलाबाई भुलोबाची मातीची जोडी बसवतात, महिनाभर गानी म्हनतात. शंकर पारवतीच ते, लगन झालेले, त्यांच्या कपाळाले बाशिंग शोभतेच.

ती पदर खोचलेली बाई म्हने, भुलाबाईचे तं पोरींच्या डोक्यावर कशाले?

मी म्हनलं, वाळाले ठेवले.

वाळाले?

खळ ओली हाय वो माय! आभाळ पाहा ना, चार दिस झाले, ऊन हाय कुठं? जमिनीवर ठेवलं तं माती लागते, भिंतीले टांगलं तं पुठ्ठा वाकते, मंग मानसाच्या डोक्याएवढी गरम जागा दुसरी कोनती? पोट्ट्याईच्या डोक्यावर ठेवलं का घंटाभरात वाळते. मी नेहमी असंच वाळवते. हेडबाईच्या देखत पोट्ट्याईच्या म्हनली, पन तिले तवा कान नव्हतेच.

कोनाले खरं वाटावं असं ते नव्हतंच. मंग काशीबुढी चालाले लागली. फाटकातून आत आली, सावकाश, काठी टेकत, रांगेपुढून गेली, गोदूपुढं येऊन थांबली. आपलं वाळलेलं बोट उचललं आनि त्या बाशिंगाच्या मधल्या फुलाखाली, जिथं खळ सगळ्यात जाड असते ना, तिथं ठेवलं. ताई, ते बाशिंग पंधरा दिसापूर्वीचं होतं. खळ खडखडीत, नखानं वाजवली तं वाजन अशी. मी डोळे मिटले. मनात म्हनलं, गंगे, संपलं तुझं.

बुढी म्हने, हो वो. ओलीच हाय.

बस. तिच्यापुढं बोलाची हिंमत कोनात? पदर खोचलेल्या बाईनं पदर सोडला. साऱ्या माया पुढं झाल्या आनि आपापल्या पोरीच्या डोक्यावरून सावकाश दोरे सोडून, भुलाबाईचं नाव घेत बाशिंगं उतरवली, पदराखाली घातली. मोठ्या बाईनं, तुम्हा पुण्याच्यांना भुलाबाई ठाऊक आहे का, म्हनून हेडबाईले इचारलं, ती म्हने, आमच्याकडे भोंडला असतो ना, तसंच काहीसं. मोठ्या बाईनं वहीत लिहिलं का स्थानिक सणाशी सांगड घालून स्वस्त साहित्यात हस्तकला शिकवतात, पाहून समाधान वाटले. मी पक्की झाली.

पक्की झाली, पन मले कुठं सुख? दुसऱ्या दिशी गोदू आली नाही. तिसऱ्या दिशी नाही. शुक्रवार आला, तिची जागा रिकामी. मी फळ्याकडे पाहावं तं पायरी दिसे, आनि पायरीवर बुढी नाही. तिच्या घरी जाऊन इचारू कसं? इचारलं तं ओली खळ म्हनून मिटलेलं सारं पुन्हा उघडं पडे. ह्यांले म्हनलं, माझ्यामुळं पोरीचं लगन लावून राहिले असतीन. ह्यांनं त्या दिवशी दोन वाक्यं बोलली, म्हंजे पाहा किती बिकट होतं. म्हनले, हळद भाजीबाजारातून नाही गेली. लगनाची खरेदी मले दिसली असती.

दहाव्या दिशी सकाळी मी वर्गात कात्र्या मांडून राहिली होती. पायरीवर काठी टेकल्याचा आवाज आला. गोदू आत येऊन जागेवर बसली, जसं काही झालंच नाही. मी बाहेर गेली. बुढी आपली बसली होती. मी इचारलं, काशीमाय, सारं बरं? ती म्हने, वर्गात जा बाई, पोरी कात्री घेऊन बसल्या, कोनाचं बोट कापन. बस. त्याच्यावर एक अक्षर नाही. चार वर्षं, सात वर्षं, एक अक्षर नाही. गोदू सातवी झाली, मंग मास्तरणी तयार करतात त्या शाळेत गेली. मी कवा बुढीले इचारलं नाही, तिनं कवा सांगतलं नाही.

मंग एक दिवस गोदूच्या लगनाची अक्षत आली माझ्या घरी. सतरा वर्षाची झाली होती ती, पोरगा मास्तर, बडनेऱ्याचा. मांडवात मी गेली तं बुढीनं मले हात धरून आतल्या खोलीत नेलं. आता ती पार वाकली होती. वर आढ्याकडे बोट केलं, म्हने, काढ. आढ्याले एक फडकं बांधलेलं. सोडलं तं त्यात बाशिंग, गोदूच्या हातचं, तेच. गुलाबी कागद पांढरा झालेला, बेगड काळी, पन मधलं फूल तसंच उभं.

बुढी खाली बसली आनि तवा सांगतलं. म्हने, त्या दिशी रातीच माझी पोरं, गोदीचा बाप आनि काका, मागं लागली, बाशिंग चढलं, आता लावून टाकू, दहा दिस पोरीले घरातच ठेवली. मी म्हनलं, बाशिंग भुलाबाईनं पोरीच्या डोक्यावरून उतरवून घेतलं, देवीनं घेतलेलं मागाले कोन जाईन? ती सांगन तवा लगन. पोरं म्हने, ती कवा सांगन? मी म्हनलं, खळ वाळली का सांगन. मंग दर सालच्या भुलाबाईले पोरगा इचारे, माय, वाळली का? मी काठी टेकत येवो, वर हात लावो, आनि म्हनो, नाही रे बापा, ओलीच हाय. सात साल ओली होती बाई. मागल्या महिन्यात गोदीच्या परीक्षेचा कागद आला, पास झाली म्हने, मास्तरीण झाली. मी आढ्याले हात लावला.

आनि तिनं ते बाशिंग माझ्या हातात ठेवलं, बोटानं तेच फूल दाबलं, बिनदाताचं हासली आनि म्हने, वाळली बाई.

आता बुढी नाही. गोदू अकोल्याच्या शाळेत शिकवते, माझ्या बापाच्या गावात, तिच्या पोरीही श्वास धरून पाकळी काढतात म्हने. आमचे हे अजून वांगे इकतात. मी पन्नाशी पार केली, केस पिकले, पन शुक्रवार उजाडला का अजून चार डाव कात्र्या मोजते, कोनाचं बोट कापन, कोनाची बेगड वाकडी जाईन, माझ्या हातून पुन्हा काही भलतंच होऊन बसन. कपाळाले बांधाचं काही शिकवत नाही मी आता, मनगटापर्यंतच. ते बाशिंग वर्गाच्या आढ्याले बांधलं हाय. नव्या पोरी आल्या का इचारतात, बाई, हे कोनाचं? मी म्हनते, भुलाबाईचं. इतके डाव म्हनून झालं का आता मलेच खरं वाटते.

तुमची पोरगी केवढी झाली ताई? आठ? पाठवा तिले शुक्रवारी. एक ताव पतंगी कागदाचा, रिकामी काड्यापेटी, बस. आनि घरी कोनी घाई कराले लागलं तं माझ्याकडे येऊन जा, मी शिजवून देईन खळ. तुमच्या साऱ्या पोरींची खळ सावकाश वाळो माय, सावकाश वाळो.